फुप्फुस-प्रत्यारोपणानंतरचा श्रमश्वास : त्यास क्षुद्रश्वास म्हणू नये

दिवाळी नुकतीच सरली होती. साठीच्या आत-बाहेरचे एक निवृत्त शिक्षक चिकित्सालयात आले. तक्रार एकच. "वैद्यराज, दोन जिने चढलो की दम लागतो, थोडा वेळ बसलो की उतरतो." रात्री उठून बसावे लागत नाही, घशात घुरघुर नाही, कफ जवळजवळ नाहीच. श्रमाने उत्पन्न होणारा आणि विश्रांतीने शमणारा श्वास. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात रूक्ष आहार व आयास यांपासून होणारा, इंद्रियांना फारशी व्यथा न देणारा आणि साध्य असा जो क्षुद्रश्वास वर्णिला आहे, त्याचे जणू पाठ्यपुस्तकातील उदाहरणच समोर बसले होते. सितोपलादि, सोबत गुळवेलसत्त्व, बल्य म्हणून अश्वगंधा, असा योग मनाशी ठरलाही होता. केवळ रीत म्हणून उरःपरीक्षणासाठी सदरा वर करण्यास सांगितले, तो एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत छातीवरून आडवा गेलेला व्रण दिसला. विचारल्यावर ते सहजपणे म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी चेन्नईला दोन्ही फुप्फुसे बदलली. पण ते ऑपरेशनचे दुखणे संपले. हा तर साधा दम आहे."

हा प्रसंग लिहिण्यात मला भूषण वाटत नाही. परीक्षणाआधी औषधयोजना ठरवणे हा दोष माझा होता. परंतु ज्या चुकीच्या उंबरठ्यावर मी उभा होतो, तिच्यापासून आपल्यापैकी कित्येक जण आज फार दूर आहेत, असे मला वाटत नाही. "असे रुग्ण आपल्याकडे कशाला येतील?" असा प्रश्न काही वैद्यबंधू करतील. ते येतात. प्रत्यारोपण-केंद्र दूरच्या शहरात असते, दम घरी लागतो आणि श्वासासाठी वैद्याकडे जाण्याची आपल्या समाजाची सवय जुनी आहे. रुग्ण स्वतः आला नाही तरी त्याचा मुलगा किंवा पत्नी औषधालयाच्या खिडकीशी येऊन 'प्रतिकारशक्तीचे काहीतरी' मागतेच.

थोडे पूर्ववृत्त सांगतो. मनुष्यामध्ये फुप्फुसाचे पहिले प्रत्यारोपण अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन येथे जेम्स हार्डी यांनी जून १९६३ मध्ये केले. रुग्ण अठरा दिवस जगला. पुढील दोन दशके यश हुलकावणी देत राहिले. सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर १९८१ मध्ये स्टॅनफर्ड येथे हृदय व फुप्फुसे यांचे एकत्रित प्रत्यारोपण आणि १९८३ मध्ये टोरांटो येथे एका फुप्फुसाचे प्रत्यारोपण दीर्घकाळ टिकले. आज आपल्या देशातही चेन्नई, हैदराबाद, मुंबई आदी ठिकाणी ही शस्त्रक्रिया होते. संख्या अल्प असली तरी असे रुग्ण आता गावोगावी परतू लागले आहेत.

आता मूळ विषयाकडे वळू. दुसऱ्याचे फुप्फुस जोडताना शल्यचिकित्सक श्वासनलिका जोडतो, रक्तवाहिन्या जोडतो, पण मज्जातंतू जोडत नाही. व्हेगस मज्जातंतूच्या ज्या शाखा फुप्फुसात शिरतात, त्या कापलेल्याच राहतात. टाक्याच्या वरचा श्वासमार्ग रुग्णाचा स्वतःचा असतो व तेथील संवेदना शाबूत असते. टाक्याच्या खाली मात्र मेंदूशी असलेला संवाद तुटलेला असतो. परिणामी खाली साचलेल्या कफाने खोकल्याची उबळ येईलच असे नाही. काही काळानंतर ही संवेदना अंशतः परतते असे दिसून आले आहे, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. 'कफ नाही, खोकला नाही' हे रुग्णाचे म्हणणे आपण एरवी ज्या अर्थाने घेतो, त्या अर्थाने येथे घेता येत नाही, याचे हे मूळ कारण होय.

व्यायाम करताना निरोगी मनुष्याच्या श्वासनलिका किंचित विस्फारतात. त्यांना आवळून धरणारा व्हेगसचा ताण सैल होतो, रक्तात ॲड्रेनलिन वाढते आणि खोल श्वासाने नलिकांच्या भिंती ताणल्या जातात. दम्याच्या रुग्णात याच्या उलट घडते. व्यायाम थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत नलिका आकुंचित होऊ लागतात, कारण जलद श्वासोच्छ्वासाने त्यांचा आतील ओलावा सुकतो, उष्णता जाते आणि त्यामुळे क्षोभक द्रव्ये सुटतात. प्रत्यारोपित फुप्फुसात काय व्हावे? व्हेगसचा ताण वरून येतच नाही, त्यामुळे तो सैल होण्याचाही प्रश्न उरत नाही. ॲड्रेनलिन मात्र रक्तावाटे पोहोचते आणि भिंती ताणल्याही जातात.

येथे एक विलक्षण गोष्ट आढळली. हृदय-फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना मेथाकोलिन हे द्रव्य हुंगवले असता त्यांच्यापैकी अनेकांच्या श्वासनलिका दमेकऱ्याप्रमाणे आकुंचित होतात, असे स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले. मज्जातंतूंपासून तुटलेला स्नायू रासायनिक संदेशाला अधिक तीव्रतेने उत्तर देतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले गेले, ते सर्वांना मान्य आहे असे नव्हे. परंतु द्रव्याला असा तीव्र प्रतिसाद देणारे फुप्फुस व्यायामाला मात्र तसा प्रतिसाद देईलच, असे नाही. सुस्थितीतील प्रत्यारोपित फुप्फुसात व्यायामानंतर दम्यासारखे आकुंचन व्हावे हा नियम नव्हे. आपल्या दृष्टीने याचा अर्थ व्यवहार्य आहे. अशा रुग्णास चालल्यानंतर छातीत शीळ वाजू लागली, तर 'श्रमाने दमा उठला' असे समाधान मानून घेऊ नये. जोडाच्या जागी नलिका अरुंद झाली असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा शरीर त्या अवयवाला नाकारू लागले असेल, ज्याला आधुनिक वैद्यक रिजेक्शन म्हणते.

याच संदर्भात १९९३ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील चिकित्सकांनी प्रसिद्ध केलेले एक छोटे निरीक्षण माझ्या मनातून जात नाही. दमा असलेल्या दोन रुग्णांना निरोगी दात्यांची फुप्फुसे मिळाली, त्यांचा दमा परतला नाही. दमा नसलेल्या दोघांना सौम्य दमा असलेल्या दात्यांची फुप्फुसे मिळाली, त्यांना दमा सुरू झाला. केवळ चार रुग्ण, त्यावरून सिद्धांत उभारता येणार नाही. तरीही हिक्का व श्वास हे व्याधी पित्तस्थानातून उद्भवतात असे शिकलेल्या आपल्याला हे निरीक्षण स्वस्थ बसू देऊ नये. अवयवाबरोबर व्याधीही नव्या शरीरात गेला, मग आमाशयाचे काय?

गंमत अशी की, आमाशय येथे पुन्हा वेगळ्या दाराने प्रवेश करतो. प्रत्यारोपणानंतर अनेक रुग्णांत अन्न आमाशयात रेंगाळते आणि अम्ल वर येते. शस्त्रक्रियेत व्हेगसला होणारी इजा हे त्याचे एक कारण आहे. ते द्रव्य नकळत श्वासमार्गात उतरते, आणि खाली खोकल्याची संवेदना क्षीण असल्याने बाहेरही फेकले जात नाही. नव्या फुप्फुसाच्या दीर्घकालीन ऱ्हासाशी याचा संबंध आज मानला जातो. येथे कुणी लगेच 'आमच्या आचार्यांना हे सर्व ठाऊकच होते' असा जयघोष करू नये. त्यांच्यासमोर हा रुग्ण नव्हता. एका ठिकाणी ग्रंथवचन अडखळते व दुसऱ्या ठिकाणी ते उपयोगी पडते, एवढेच प्रामाणिकपणे नोंदवावे.

मग शिक्षकांना दम का लागत होता? यशस्वी प्रत्यारोपणानंतरही बहुतेक रुग्णांची श्रमशक्ती पूर्ववत होत नाही. अत्युच्च श्रमाच्या वेळी शरीर जितका प्राणवायू वापरू शकते, ते मान अपेक्षेच्या साधारण ४० ते ६० टक्क्यांवरच राहते. गमतीची गोष्ट म्हणजे एक फुप्फुस बदललेले आणि दोन्ही बदललेले यांच्यात या बाबतीत फारसा फरक पडत नाही. यावरूनच सुज्ञ वाचकांच्या ध्यानात येईल की, मुख्य अडसर बहुधा फुप्फुसात नसून मांड्यांत आहे. आजारपणातील दीर्घ अंथरूण, स्टेरॉइडे आणि टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन यांसारखी औषधे यांनी स्नायू क्षीण होतात व प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता घटते. आपल्या परिभाषेत मांसक्षय म्हणावा. म्हणून अशा रुग्णास माझा पहिला प्रश्न आता असा असतो : "जिन्यात तुम्हांला थांबवते ते काय? पाय की श्वास?" पाय भरून येतात म्हणून थांबणारा बहुधा स्थिर असतो. ज्याला पूर्वी पाय थांबवत आणि आता श्वास थांबवतो, त्याच्याकडे त्याच दिवशी गांभीर्याने पाहावे. हे निदान नव्हे, पण प्रश्नाला खर्च येत नाही.

शिक्षकांचे उत्तर होते, श्वास. केव्हापासून? दसऱ्यापासून. बहुतेक केंद्रे रुग्णाला घरी फुंकून पाहण्याचे एक छोटे यंत्र देतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकता येते, हे त्यावर कळते. शिक्षकांची शिस्त अशी की वहीत रोजचा आकडा सुवाच्य अक्षरात लिहिलेला. अनेक महिने २.४ लिटरच्या आसपास, मग २.३, मग २.२, आणि त्या दिवशी २.१. म्हणजे बारा टक्क्यांहून अधिक घट. दहा टक्क्यांची घट टिकून राहिल्यास कळवावे, अशी सूचना त्याच वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली होती. त्यांनी घट दिवाळीच्या धुराला व घराच्या साफसफाईला जोडून टाकली होती. मी औषध न देता त्यांच्यासमोरच केंद्रास दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी ते रवाना झाले. तेथे दुर्बिणीने तपासणी होऊन अवयव नाकारला जाण्याची सुरुवात असल्याचे निदान झाले व उपचार झाले.

ही घट सर्वोत्तम आकड्यांच्या सरासरीच्या वीस टक्के वा अधिक होऊन कायम राहिली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर दीर्घकालीन ऱ्हास झाला असे मानतात. प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांच्या आत साधारण निम्म्या रुग्णांना तो गाठतो आणि गेलेली शक्ती सहसा परत येत नाही. महिनाभर सितोपलादि मधाबरोबर चाटण्यात घालवणे म्हणजे काय, हे यावरून लक्षात यावे. सितोपलादि विष आहे असे मी म्हणत नाही. त्यात गेलेला महिना विषासमान आहे.

औषधांसंबंधी मात्र अधिक स्पष्ट बोलणे भाग आहे. या रुग्णाचे जीवन टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनच्या रक्तातील पातळीवर अवलंबून असते. पातळी घटली तर अवयव नाकारला जातो, वाढली तर वृक्कांना इजा होते. ही औषधे आतड्यात व यकृतात ज्या किण्वांनी विघटित होतात, त्यांवर अनेक वनस्पतींचा प्रभाव पडतो. युरोपात उदासीनतेवर दिल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे सायक्लोस्पोरिनची पातळी घसरून हृदय-प्रत्यारोपणाच्या दोन रुग्णांत तीव्र रिजेक्शन झाल्याचे वृत्त २००० साली झुरिक येथून आले. उलट बाजूने, पपनस खाल्ल्याने वृक्क-प्रत्यारोपणाच्या एका रुग्णात टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याची नोंद जपानमध्ये आहे. आपल्या पिंपळीतील व मिरीतील पायपरिन हे द्रव्य याच किण्वाला आवर घालते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. आपण तर पिंपळी व मिरी योगवाही म्हणूनच वापरतो. इतर द्रव्यांचे शोषण वाढवणे हा ज्यांचा गुण म्हणून आपण गौरव करतो, तोच गुण येथे घातक ठरू शकतो. सितोपलादि, तालीसादि, त्रिकटू, च्यवनप्राश, इतकेच काय, २०२० साली घरोघरी उकळलेला काढा, यांपैकी एकही पिंपळी-मिरीवाचून नाही.

गुळवेलीविषयी २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या रुग्णवृत्तांवरून मोठा वाद झाला व आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला, हे वाचकांस ठाऊक आहे. तो वाद येथे बाजूला ठेवू. कारण या रुग्णापुरता प्रश्न वेगळाच आहे. गुळवेल, अश्वगंधा, च्यवनप्राश ही व्याधिक्षमत्व वाढवतात असे आपण स्वतःच सांगतो, लिहितो, वेष्टनांवर छापतो. ते खरे असेल, तर परक्या अवयवावर शरीराने चाल करू नये म्हणून जे क्षमत्व मुद्दाम दाबून ठेवले आहे, ते आपण जागे करीत आहोत. ते खरे नसेल, तर वेष्टनावरचे वाक्य खोडावे. दोन्हीकडून निभावून नेता येणार नाही.

ज्येष्ठमधाने पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो, आणि स्टेरॉइड घेणाऱ्यास हे दोन्ही आधीच सतावत असतात. श्वासकुठारासारखे पारद व मनःशिलायुक्त कल्प ज्याचे वृक्क टॅक्रोलिमसने आधीच ताणले आहेत, त्यास देऊच नयेत. धूमपान व घरगुती धुरी वर्ज्य, कारण बुरशीचा संसर्ग या रुग्णांना जिवावर बेततो. भाजीतील चिमूटभर हळदीने काही बिघडत नाही, तिच्या अर्काच्या कॅप्सुलांची गोष्ट निराळी. आणि 'ॲलोपॅथीच्या उष्ण गोळ्या हळूहळू कमी करा' हा सल्ला, जो काही चिकित्सालयांतून आजही दिला जातो, तो या रुग्णाच्या बाबतीत प्राणघातक आहे. यावर मतभेदाला जागा आहे असे मला वाटत नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधु-भगिनींनी राग मानू नये, परंतु खिडकीवर होणारी विक्री ही यातील सर्वांत कच्ची कडी आहे. आपण मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, असे विचारतो. त्यात एका प्रश्नाची भर घालावी : "शरीरात कुणाचा अवयव बसवला आहे का?" वृक्क व यकृत बसवलेल्यांची संख्या फुप्फुसवाल्यांहून कितीतरी अधिक आहे. त्या सर्वांना हा प्रश्न लागू पडतो. 'हो' असे उत्तर आले तर बाटली परत फळीवर ठेवावी. एका बाटलीचा नफा जाईल.

मग आपण काहीच करायचे नाही काय? तसे नाही, पण व्यायामाबाबत आपली जुनी सवय येथे उलटी पडते. श्वासाच्या रुग्णास 'विश्रांती घ्या, दगदग करू नका' असे सांगणे आपल्या जिभेवर असते. स्थिर असलेल्या प्रत्यारोपित रुग्णाला विश्रांती नव्हे, क्रमाने वाढवलेला व्यायामच हवा. बेल्जियममधील लोव्हेन येथील २०१२च्या अभ्यासात घरी परतल्यावर तीन महिने देखरेखीखाली व्यायाम केलेले रुग्ण वर्षाअखेरीस तसा व्यायाम न केलेल्यांपेक्षा रोज अधिक चालत होते, त्यांच्या मांड्यांची शक्ती अधिक होती व रक्तदाबही कमी होता. व्यायामाची मात्रा ठरवणे हे केंद्रातील तज्ज्ञांचे काम. पण घरी रुग्णाला स्वतःची मर्यादा ओळखायला शिकवणे आपल्याला जमते. आपल्या ग्रंथपरंपरेत सांगितलेली बलार्धाची खूण, म्हणजे कपाळ, नाक, काख येथे घाम येणे, तोंडास कोरड पडणे आणि श्वास तोंडावाटे सुरू होणे, ही रुग्णाला चटकन समजते. नाक सुटून तोंडाने श्वास सुरू झाला की गाळलेली व ओलसर हवा आत जाणे कमी होते, हे आजच्या शरीरक्रियाशास्त्रालाही मान्य आहे. तज्ज्ञांनी त्याहून अधिक श्रम सांगितले असतील तर ते त्यांच्या डोळ्यांसमोर करावेत, एकट्याने टेकडीवर नव्हे. उपाशीपोटी व्यायामाने प्राणवह स्रोतस दूषित होते, हा चरकाचार्यांचा इशाराही सांगावा. रात्रीचे जेवण लघु, सूर्यास्तानंतर लवकर, जेवणानंतर दोन-तीन तास आडवे न होणे, पलंगाची उशाकडील बाजू उंच ठेवणे, ही आमाशयाची पथ्ये तर निखळपणे आपल्या अधिकारातील आहेत व केंद्रातील डॉक्टरही त्यांना हरकत घेणार नाहीत. तोंडावाटे द्यावयाचे औषध मात्र, कितीही निरुपद्रवी वाटो, केंद्राला कळवून त्यांची संमती आल्याशिवाय देऊ नये.

शिक्षक पौष महिन्यात पुन्हा आले. वहीतला आकडा २.३ होता. जिना चढल्यावर काय थांबवते, असे विचारले. हसून मांड्यांवर थाप मारली आणि म्हणाले, "आता हे." मी त्यांना जेवणाच्या वेळा लिहून दिल्या आणि माझ्या रुग्णपत्रिकेच्या छापील मजकुरात 'पूर्वशस्त्रक्रिया' या ओळीखाली 'अवयव-प्रत्यारोपण : होय / नाही' अशी नवी ओळ घालण्यास मुद्रकाला सांगितले.